गोड-तिखट चिकन आणि भात: सॉस करपतो, भात मोकळा राहतो, काय चुकत असावे?

गोदाकाठ:

नमस्कार. माझी अकरावीतली मुलगी गेले काही महिने कोरियन पद्धतीचे गोड-तिखट चिकन गरम भातावर घालून एकाच वाडग्यात खाण्याचा हट्ट धरून आहे. पत्नीची मंगळवारी आणि गुरुवारी रात्रपाळी असते, त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे असतो आणि मला घरी पोचायला साडेसात होतात. त्यामुळे पाऊण तासात पूर्ण होईल अशीच कृती मला हवी आहे.

आतापर्यंत मी तीन वेळा प्रयत्न केला. अर्धा किलो चिकन ब्रेस्टचे तुकडे गोचुजांग (मिरचीची आंबवलेली कोरियन चटणी), सोया सॉस आणि मध यांत सकाळी मुरवून फ्रीजमध्ये ठेवले आणि रात्री सगळे एकदम कढईत घातले. प्रत्येक वेळी आधी भरपूर पाणी सुटले, ते आटेपर्यंत तुकडे चिवट झाले आणि पाणी आटताच सॉस कढईच्या तळाला काळा होऊन चिकटला. भात बासमतीचा केला होता; सॉस त्यातून निथळून तळाशी गेला आणि वरचा भात कोरडाच राहिला. मुलीने तक्रार न करता खाल्ले, परंतु तिला हवे होते ते हे नव्हे, हे मला दिसत होते. शिवाय आई आमच्याजवळ राहते आणि तिला तिखट चालत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

चुलीपाशी:

आपली चूक प्रमाणात नसून क्रमात आहे. मांसाच्या पृष्ठभागावर पाणी असते तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही, आणि खरपूस रंग व चव येण्यासाठी साधारण १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ओल्या सॉससकट तुकडे कढईत घातले की ते भाजले न जाता उकडतात, आणि अखेर पाणी संपते तेव्हा मधातली आणि गोचुजांगमधली साखर उघडी पडून पाहता पाहता करपते. म्हणून सॉस वेगळ्या वाटीत कालवून ठेवावा आणि तो अगदी शेवटी घालावा. मुरवण्याची गरजच नाही, त्यामुळे सकाळची धावपळही वाचेल.

दुसरे म्हणजे ब्रेस्टऐवजी लेगचे बोनलेस मांस घ्यावे. त्यात चरबी अधिक असल्याने दोन-तीन मिनिटे इकडेतिकडे झाली तरी ते कोरडे पडत नाही. अर्धा किलो मांसाचे इंचभर तुकडे करून स्वच्छ कापडाने किंवा कागदी रुमालाने नीट टिपून घ्यावेत, आणि त्यांना पाव चमचा मीठ व दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर चोळावे. कॉर्नफ्लोअर उरलेला ओलावा शोषून घेते आणि पुढे सॉस त्यालाच धरून राहतो. बिडाचा तवा किंवा जाड बुडाची कढई चांगली तापवून दीड मोठा चमचा तेल घालावे आणि तुकडे एकमेकांना न चिकटता, एकाच थरात मांडावेत. जागा पुरत नसेल तर दोन खेपा कराव्यात, पण गर्दी करू नये. त्यानंतर तीन मिनिटे त्यांना हात लावू नये. नवशिक्याला हेच सर्वांत अवघड जाते, आणि सगळी चव मात्र याच तीन मिनिटांत तयार होते. उलटवून आणखी तीन-चार मिनिटे भाजावे, मग सर्वांत जाड तुकडा कापून पाहावा: आत गुलाबीपणा नसावा. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस मिळाले पाहिजे.

आता आच मंद करून बारीक चिरलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या अर्धा मिनिट परतून वाटीतला सॉस ओतावा. गोचुजांग दोन मोठे चमचे; सोया सॉस, किसलेला गूळ व व्हिनेगर प्रत्येकी एक मोठा चमचा, शिवाय तीन चमचे पाणी एवढे प्रमाण तिघांना पुरते. सुरुवातीचे बारीक बुडबुडे मोठे आणि संथ झाले, आणि सॉस पळीच्या पाठीवर टिकू लागला, की लगेच गॅस बंद करावा. याला जेमतेम दोन मिनिटे लागतात. गार होताना सॉस आणखी घट्ट होतो, हे लक्षात ठेवून थोडा पातळ असतानाच थांबावे.

भातखाचर:

चुलीपाशी यांनी चिकनचे सर्व सांगितले आहे, मी फक्त भाताविषयी लिहितो, कारण निम्मा वाडगा तोच असतो. बासमतीत अमायलोज या प्रकारचा स्टार्च जास्त असल्याने त्याची शिते सुटी राहतात. बिर्याणीत तो गुण आहे, इथे मात्र अडचण आहे. या पदार्थाला बुटक्या दाण्याचा, किंचित चिकट तांदूळ लागतो. त्यासाठी महागडा परदेशी तांदूळ शोधण्याची आवश्यकता नाही, आपला इंद्रायणी उत्तम चालतो. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो विकसित केला आणि १९८७ मध्ये तो प्रसारित झाला. सुवास आंबेमोहोराकडून आलेला, आणि शिजल्यावर असा लुसलुशीत की चमच्यावर सॉससकट एकत्र उचलला जातो.

दोनतीनदा धुऊन वीस मिनिटे भिजत ठेवावा. तांदूळ जुना असेल तर वाटीला दोन वाट्या पाणी घ्यावे. नवा असेल तर पावणेदोन वाट्या पुरे होतात, अन्यथा गिचका होतो. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या कराव्यात आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. घरात शिरताच तांदूळ भिजवून मग हातपाय धुवावेत, म्हणजे तो वेळ वेगळा मोजावा लागत नाही. एक विनंती आहे: सुवासाच्या मोहाने भातात तूप घालू नका. तुपाने शितांना लेप बसतो आणि सॉस पुन्हा निसटू लागतो.

हाननदीकाठी:

मी गेली सहा वर्षे सोलमध्ये राहते. इथे भातावर काहीतरी रसदार घालून वाढलेल्या पदार्थाला ‘देओपबाप’ म्हणतात. ‘बाप’ म्हणजे भात, आणि आधीचा भाग झाकण्याच्या क्रियापदावरून आलेला आहे. गोचुजांग आणि चिकन यांची इथली सर्वांत प्रसिद्ध जोडी म्हणजे चुनचॉन शहराचे डाकगाल्बी. त्यात मोठ्या तव्यावर कोबी, रताळे आणि तांदळाच्या चिवट कांड्या चिकनबरोबर परततात, आणि शेवटी तव्याला लागलेल्या सॉसमध्येच भात परतून खातात. गोदाकाठ यांना यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे कोबी. सॉस घालण्यापूर्वी जाडसर चिरलेला मूठभर कोबी तव्यात घातला, तर त्याचे सुटणारे थोडेसे पाणी सॉसला करपू देत नाही आणि त्याच्या गोडव्यामुळे गूळही कमी लागतो.

गोचुजांग मुळात लाल मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ यांचे मुरवलेले मिश्रण आहे. दुकानातल्या डब्यांत बहुधा गोड पाकही असतो, त्यामुळे डबा उघडल्यावर आधी चाखावे आणि मगच गूळ व सोया सॉस किती घालायचा ते ठरवावे. गोचुजांग मिळाले नाही, तर आठ-दहा ब्याडगी मिरच्यांच्या बिया काढून, गरम पाण्यात भिजवून लसणाबरोबर गुळगुळीत वाटाव्यात. त्यात आंबवल्याची खोल चव येणार नाही, परंतु रंग सुरेख येतो आणि तिखटपणा आवाक्यात राहतो.

शेवटी तिळाच्या तेलाविषयी सांगते, कारण भारतात आल्यावर माझी इथेच फसगत झाली होती. कोरियन पाककृतींत शेवटी घालतात ते तेल भाजलेल्या तिळांचे असते, तांबूस आणि अतिशय सुवासिक. आपल्याकडचे घाण्याचे तेल बहुधा कच्च्या तिळांचे असते आणि त्याने तो वास येत नाही. त्यापेक्षा दोन चमचे तीळ कोरडे भाजून, हातावर चुरून वरून भुरभुरवावेत.

गोदाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईच्या वाट्याचे काय करावे? तिच्यासाठी वेगळी भाजी करण्याइतका वेळ मिळत नाही, आणि तिने आमच्याबरोबर तेच जेवण जेवावे अशी माझी इच्छा आहे.

चुलीपाशी:

चिकन भाजून झाले, लसूण परतला, की तिखट सॉस ओतण्यापूर्वीच त्यांचे तुकडे छोट्या कढईत काढून घ्यावेत. त्यांच्यावर दोन चमचे सोया सॉस, तितकाच गूळ, चमचाभर व्हिनेगर, किसलेले आले आणि थोडे पाणी एवढेच घालून आटवावे. रक्तदाबाचा त्रास असेल तर सोया सॉस निम्मा करावा, त्यात मीठ पुष्कळ असते. सोबत काकडीच्या चकत्यांना मीठ, साखर आणि व्हिनेगर लावून ठेवावे.

भातखाचर:

राहून गेले म्हणून लिहितो. भात उरला तर तो रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवल्यानंतरही तांदळात तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. भात परातीत पसरून गार करावा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवावा.

गोदाकाठ:

काल गुरुवारी आपण सांगितल्याप्रमाणे केले. साडेसातला तांदूळ भिजवला आणि सव्वाआठला आम्ही जेवायला बसलो. तवा लहान असल्याने चिकनच्या दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत मी घाईने लवकर उलटवले तर तुकडे तव्याला धरले, दुसऱ्या खेपेत तीन मिनिटे थांबलो तेव्हा ते अलगद सुटून आले. इंद्रायणी नवा निघाला, त्यामुळे दोन वाट्या पाण्याने भात जरा आसट झाला. पुढच्या वेळी पाव वाटी कमी घेईन. कोबीमुळे सॉस कुठेही लागला नाही. मुलीने वाडगा पुसून खाल्ला, आणि आईने आपल्या वाटचे संपवल्यावर मुलीच्या वाडग्यातला तिखट सॉस चमचाभर मागून घेतला.