गॅरेजच्या हीटरचा व्हेंट (धूर बाहेर नेणारा पाइप) रस्त्यावरून दिसू नये, कुठून काढावा?

प्रश्न
गॅरेज घराला जोडून आहे. छताला टांगायचा ४५,००० बीटीयूचा (साधारण १३ किलोवॅट) नॅचरल गॅसचा हीटर घ्यायचा आहे. छतातून पाइप काढला तर रस्त्यावरून सरळ दिसतो. बाजूच्या भिंतीत खिडकी आहे. मागची भिंत मोकळी, पण तिथवर सहा मीटर पाइप न्यावा लागेल. बाहेरच्या तोंडावर लाकडी जाळीची पेटी बसवली तर चालेल का?

पाना_पकड
पाइप लपवायचं नंतर बघू, आधी हीटरचा प्रकार ठरवा. नैसर्गिक ओढीवर चालणारा (पंख्याशिवाय, गरम धूर आपोआप वर जाणारा) घेतलात तर पाइप छतातूनच वर जाणार, त्याला पर्याय नाही. सीलबंद ज्वलनाचा घ्या. तो जाळायची हवा बाहेरून घेतो आणि धूर पंख्याने बाहेर ढकलतो. त्याला कॉन्सेंट्रिक किट मिळतं: पाइपात पाइप, भिंतीला एकच भोक, बाहेर एकच तोंड. शिवाय गॅरेजमधली धूळ आणि पेट्रोलची वाफ बर्नरपर्यंत पोचत नाही, हे दिसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

आडव्या, दाबाखालच्या पाइपाला बी-व्हेंट (नैसर्गिक ओढीसाठीचा दुहेरी भिंतीचा धुराचा पाइप) वापरू नका. त्याचे सांधे दाब धरत नाहीत, कार्बन मोनॉक्साइड आत झिरपतो. गॅसकेटवाला एएल२९-४सी स्टेनलेस घ्या. सहा मीटर सहसा जमतं, पण मॅन्युअलमधली कमाल लांबी बघा. प्रत्येक ९० अंशाचा एल्बो त्यातून बऱ्याचदा दीड मीटर खातो, म्हणून एल्बो दोनच्या वर नेऊ नका. उतार मीटरमागे २ सेंमी, दिशा मॅन्युअल सांगेल ती. मध्ये पाइपाला झोळ आला की तिथे पाणी साचतं, म्हणून हँगर जवळजवळ लावा.

रिकामा_टूलबॉक्स
इतका खटाटोप कशाला? व्हेंट नसलेला हीटर लावा, बाहेर काहीच दिसणार नाही.

काजळी
वर सुचवलेलं करू नका. १३ किलोवॅटचा गॅस जळला की तासाला जवळपास दोन लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं. ते थंड हत्यारांवर आणि गाडीच्या पत्र्यावर बसतं. धुरातलं बाकी सगळंही आतच राहतं, आणि गॅरेज घराला जोडलेलं आहे.

कंडेन्सिंग हीटरचाही (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णताही वापरणारा) विचार कराल, कारण त्याला पीव्हीसी पाइप चालतो आणि तो भिंतीच्या रंगात रंगवता येतो. पण दिसू नये म्हणूनच घेणार असाल तर उलटं होतं. थंडीत त्याच्या तोंडातून पांढऱ्या वाफेचा लोट निघतो, तो पाइपापेक्षा लांबून दिसतो, आणि खालच्या फरशीवर बर्फ जमतो. निघणारं पाणी आम्लधर्मी असतं (पीएच ३ ते ४), चुनखडीच्या डब्यातून सोडावं लागतं. हीटर बंद असताना गॅरेज गोठलं तर ते पाणी नेणारी नळी फुटते.

पाना_पकड
काजळी यांना +१. आता पेटीबद्दल: नको. कोंडलेला धूर हवेच्या तोंडातून परत आत ओढला जातो, ज्योत बिघडते, शेवटी हीटर लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतो. लाकूड कुजतं ते वेगळंच. तोंड मोकळं ठेवून फक्त बाहेरची भिंतपट्टी उष्णतारोधक रंगाने भिंतीच्या छटेत रंगवा. झुडूप लावायचंच तर तोंडासमोर नको, एका बाजूला किमान मीटरभर लांब.

अमेरिकी गॅस संहितेत, एनएफपीए ५४ मध्ये, तुमच्या क्षमतेच्या सीलबंद हीटरला खिडकीपासून सुमारे २३ सेंमी पुरतात. खोलीतली हवा घेऊन पंख्याने धूर ढकलणाऱ्याला मात्र बाजूने १.२ मीटर लागतात. तुमच्याकडचा नियम किंवा मॅन्युअल जास्त मागत असेल तर तेच धरा. तोंड जमिनीपासून किमान ३० सेंमी वर, आणि बर्फ पडत असेल तर साचलेल्या थराच्या वर तेवढं.

भोक पाडायच्या आधी भिंतीतले खांब आणि वायरी तपासा, आणि भोकाची जागा पाइपाच्या उताराने ठरवा. आधी भोक आणि मग पाइप केला की हमखास उतार उलटा जातो.