मक्याच्या टॉर्तिया का तुटतात, आणि सोबत वाचायला काय घ्यावे?

गिरगावकर: आमच्या घरी रविवारी मेक्सिकन स्वयंपाक असतो आणि जेवताना आवडत्या पुस्तकांवर गप्पा होतात. वाण्याकडच्या मक्याच्या पिठाच्या टॉर्तिया (पातळ मेक्सिकन भाकऱ्या) मात्र लाटतानाच चिरतात आणि दुमडल्या की तुटतात. कारण काय असावे? या स्वयंपाकाशी जोडलेले एखादे पुस्तकही कृपया सुचवावे.

दादरची सुगरण: दोष आपल्या हाताचा नसून पिठाचा आहे. मेक्सिकोत सुका मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच मुरू देतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. चुन्यामुळे साल सुटते, पीठ चिकटून येते आणि मक्यातले नियासिन (ब-३ जीवनसत्त्व) अंगी लागते. एक किलो मक्याला सुमारे १० ग्रॅम खाण्याचा कोरडा चुना पुरतो. गोळा लाटू नये. प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून जड ताटलीने दाबावा आणि तापलेल्या तव्यावर टाकावा.

वाचनवेडा, पार्ले: लॉरा एस्किवेल यांची १९८९ची ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ ही कादंबरी अवश्य घ्यावी. तिची बारा प्रकरणे बारा महिन्यांची असून प्रत्येकाची सुरुवात एका पाककृतीने होते. स्वयंपाक करणाऱ्या टीटाच्या मनातले दुःख जेवणाऱ्यांच्या घशाखाली उतरते, हे मला फार खरे वाटले. महिन्याला एक प्रकरण मोठ्याने वाचता येईल.

माहीमकर: मेक्सिकन स्वयंपाकातली ग्वाहियो ही सुकी लाल मिरची मिळाली नाही, तर ब्याडगी घ्यावी. रंग छान येतो आणि तिखटपणाही बेताचा राहतो.