दशावतार कानाने नाही, अंगाने ऐकायचा तर? (आजोबांसाठी थरथरणारं बाकडं करायचंय)

काजूबोंड:
आम्ही वेंगुर्ल्याकडचे. माझ्या आजोबांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानात मशीन घातलं की जत्रेत जनरेटर, लाऊडस्पीकर, पोरांच्या पिपाण्या सगळं एकच होऊन जातं म्हणून ते काढून खिशात ठेवतात. पण दशावतार, म्हणजे आमच्या जत्रेतलं रात्रीचं नाटक, सोडायला तयार नाहीत, उभं आयुष्य भजनात मृदंग वाजवलेला माणूस. गेल्या जत्रेत पालखीची प्रदक्षिणा झाली, नाटक सुरू झालं, संकासुराचं सोंग येऊन गेलं आणि बघते तर आजोबा खुर्चीत नाहीत. रंगमंचाच्या कडेला मृदंगवाल्याच्या अगदी बाजूला बसलेले, तळहात फळीवर टेकलेला. मला वाटलं तोल सांभाळतायत. मग बोटं दिसली, युद्धाचा ताल चालला होता आणि बोटं बरोब्बर त्यावर पडत होती.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे की असं बाकडं करायचं ज्यावर बसलं की मृदंगाच्या डाव्या पुडीचा (चामड्याच्या तोंडाचा) घुमारा मांडीला लागेल, उजवीचे बोल तळहाताला आणि झांज मानेपाशी कुठेतरी. कोणी असं काही केलंय का? बजेट फार नाही. आणि संवादांचं काय करता येईल?

सोल्डरगन:
होण्यासारखं आहे, कर नक्की. मृदंगाच्या खोडाला पिझो डिस्क चिकटव, कंपन टिपणारी नाण्याएवढी चकती असते, स्वस्तात मिळते. तिथून वायर छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला आणि बाकड्याखाली बास शेकर (आवाजाऐवजी कंपन देणारा), नाहीतर जुना वूफर फळीला घट्ट आवळ. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल, म्हणजे जनरेटरवाल्याच्या पाया पडायला नको. ब्लूटूथ मात्र अजिबात वापरू नको. त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो, समोर हात आधी दिसेल आणि ठोका मागून लागेल, आणि ज्याने आयुष्यभर ताल धरलाय त्याला तेवढं सुद्धा खुपणार.

झांजेचं मात्र जमणार नाही. त्वचेला २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचं कंपन सगळ्यात चांगलं कळतं, हजाराच्या वर जवळजवळ काहीच नाही आणि झांजेचा सगळा झणत्कार त्याच्या वरचाच. म्हणून झांजेला उजेड करून टाक, आजोबांच्या पायाशी एक बारीक दिवा, झांज वाजली की लुकलुकेल.

पिंगुळीकडचा:
सबटायटलच्या नादाला लागू नकोस. दशावतारात संवाद लिहिलेले नसतातच, आख्यान ठरतं आणि पुढे नट समोरच्याचं बघून बोलतो, त्यात मालवणी आली की मोबाईल काय वाट्टेल ते टाईप करतो. त्यापेक्षा आमच्या चित्रकथीसारखं कर. तिथे एका आख्यानाच्या चित्रांची पोथी असते, कथा पुढे सरकली की पुढचं चित्र. तू प्रसंगांची वीसेक चित्रं काढ, सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांसारखी गोल, म्हणजे अंधारातही हाताला पटकन कळतात. दशावतारी गंजिफाच्या जोडात १२० पानं असतात, प्रत्येक अवताराची १२, त्यातल्या राजा-प्रधानाची चित्रं नुसती बघितलीस तरी पुष्कळ सुचेल. शेजारी नातवंड बसेल आणि प्रसंग बदलला की पान हातात देईल. पिंगुळीला एकदा येऊन जा खरंच. चित्रकथीवाल्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली ना, त्यांनी गोठ्याचंच संग्रहालय केलंय, चामड्याच्या बाहुल्या आणि जुन्या पोथ्या जवळून बघायला मिळतील.

बांगडोतिकलो:
गो, इतक्या सगळा करूच्या आधी एक फुगो घे. जत्रेत फुगेवालो असताच. गॅसचो नको, तोंडान फुगवलेलो, मोठो. आजोबांच्या दोनय हातात दे. माझ्या आतेक जन्मापासून ऐकाक येणा नाय, भजनाक ती फुगो पोटाकडे धरून बसता आणि गजर चढलो काय आमच्या आधी तिका कळता.

काजूबोंड:
सगळ्यांचे मनापासून आभार. फुग्याचं लगेच करून बघितलं, काल आमच्याकडे भजन होतं. आजोबांनी आधी माझ्याकडे असं बघितलं की मी काय लहान पोर समजतेय त्यांना. मग बुवांनी गजर घेतला आणि फुगा त्यांनी छातीशी घट्ट धरला, डोळे मिटले. दोन अभंग झाले. तिसऱ्याला एकदम डोळे उघडून मृदंग वाजवणाऱ्या काकांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, डाव्या पुडीवर लावलेली कणीक सुकली रे, आवाज वर गेलाय. काकांनी बोट लावून बघितलं तर खरंच कडा सुटायला आली होती. पाण्याचा हात लावून परत बसवली, मग आजोबांनी मान हलवली आणि पुढचा अभंग सुरू झाला.

पिझो डिस्क मागवलीय. सोल्डरगन दादा, घरात फणसाची पाऊण इंची फळी पडलीय, बाकड्याला चालेल की जाड होईल?