एजन्सीतली उमेदवारी: तुमचे अनुभव लिहा

माझी भाची यंदा उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. जूनपासून तिला अंधेरीच्या एका जाहिरात एजन्सीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. परवा तिने विचारलं, "मावशी, पहिल्या दिवशी तिथे नक्की करायचं काय असतं?" अठरा वर्षं कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहूनही मला धड सांगता आलं नाही, कारण माझ्याकडे फक्त माझीच गोष्ट आहे. म्हणून हा धागा. ज्यांनी एजन्सीत उमेदवारी केली, मग ती मुंबईत असो की कोल्हापुरात, त्यांनी लिहा. एजन्सीचं नाव घालू नका. काम काय केलंत, कोणी शिकवलं, पैसे किती मिळाले, काय खुपलं, ते मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मी करते.

२००७. लोअर परळला गिरणीच्या आवारातलं ऑफिस. मी साताऱ्याची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. मुलाखतीला जाताना इंग्रजीची धास्ती होती, आणि मला घेतलं ते मराठीसाठी: हिंदीत मंजूर झालेल्या जाहिराती मराठीत करायला. तिथे त्याला 'लँग्वेज अडॅप्ट' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात कुकरच्या जाहिरातीची ओळ आली, 'माँ के हाथ का स्वाद'. मी लिहिलं, 'आईच्या हातचं'. एवढंच. क्लायंटकडून निरोप आला, स्वाद कुठे गेला? मराठी ओळीखाली तिचं इंग्रजी उलट-भाषांतर लावून पाठवायची पद्धत असते, आणि त्यात माझी ओळ अर्ध्यात तुटलेली दिसत होती. 'हातचं' म्हटलं की चव त्यात आलीच, हे मराठी न कळणाऱ्या माणसाला कसं दिसणार? माझ्या वरच्या बाई तमिळ होत्या. त्यांनी मलाच क्लायंटशी फोनवर बोलायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. मी वीस मिनिटं समजावलं. ओळ तशीच छापली गेली.

तेव्हापासून प्रत्येक उलट-भाषांतराखाली मी दोन ओळींची टीप जोडते: हाच शब्द का, दुसरा का नाही. भाचीला मी एवढं देऊ शकते. आता तुम्ही.

आर्ट, फोर्ट, १९८७

आमच्या वेळी इंटर्न हा शब्द ऐकला नव्हता, उमेदवारीच म्हणायचे. जे. जे. अप्लाइडमधून बाहेर पडलो आणि एका एजन्सीच्या स्टुडिओत चिकटलो. चौदा माणसं, लांब टेबलं, खिडकीजवळची जागा ज्येष्ठांची. मजकूर टाइपसेटरकडून ब्रोमाईडवर यायचा, म्हणजे चकचकीत फोटो-कागदावर. तो ब्लेडने कापायचा, काऊ गम लावून बोर्डावर सरळ चिकटवायचा, वर ट्रेसिंग पेपर घालून त्यावर रंगांच्या सूचना लिहायच्या. गमचा वास घरापर्यंत सोबत यायचा. ऐनवेळी दुरुस्ती आली तर मजकूर नव्याने मागवायला वेळ कुठला? जुन्या ब्रोमाईडच्या तुकड्यांतून काना, वेलांटी, अनुस्वार कापून काढायचे आणि जागेवर बसवायचे.

पहिल्या महिन्यात मी 'रंग' शब्दावर असंच एक टिंब बसवलं. गम कमी पडला. बोर्ड कॅमेऱ्याखाली गेला तेव्हा टिंब गळून 'रग' झालं होतं. जाहिरात रंगाच्या कंपनीची, अर्ध्या पानाची. प्रोसेसवाल्यांनी, म्हणजे छपाईसाठी फिल्म करणाऱ्यांनी, वेळेत पाहिलं म्हणून निभावलं. स्टुडिओप्रमुख रागावले नाहीत. त्यांनी भिंग हातात दिलं आणि म्हणाले, बोर्ड सोडायच्या आधी अनुस्वार मोजायचे. मी खरंच मोजायचो, कागदावर आकडा लिहून.

देवनागरीचे टाइपफेस मोजके, त्यामुळे मथळे हाताने काढावे लागत. ज्याला अक्षर येतं त्याला मान होता. र. कृ. जोशी हे त्या काळी जाहिरात आणि अक्षरकला या दोन्हींतलं मोठं नाव. पुढे विंडोजबरोबर येणारा 'मंगल' फॉन्ट त्यांनीच घडवला. आम्ही पोरं त्यांचं छापून आलेलं काम कापून वहीत चिकटवायचो. विद्यावेतन महिना चारशे रुपये.

सोशल मीडिया, गोरेगाव, २०१९

काकांचं टिंब वाचून अंगावर काटा आला, कारण माझा पहिला महिना 'ऱ' सांभाळण्यात गेला. टीममध्ये मराठी मी एकटी. पहिल्याच मराठी पोस्टमध्ये 'किनाऱ्यावर' या शब्दाची पार वाट लागली: 'क'ची वेलांटी पलीकडे जाऊन बसली, 'ऱ्या'चे तुकडे होऊन पाय मोडके दिसायला लागले. सगळे म्हणाले फॉन्ट खराब आहे. मी दोन दिवस फॉन्ट बदलत बसले. शेवटी स्टुडिओतल्या एका दादाने त्या वेळच्या फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली जाऊन टेक्स्ट इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' केलं, आणि अक्षरं जागेवर आली. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हेच काम वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडला की होतं. हे कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. भाचीला आजच सांगा. आणि ल, श बघून घ्यायला सांगा. बऱ्याच फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आपल्या वाचणाऱ्याला ते कुठेतरी खटकतं.

दुसरं काम कॅलेंडरचं. पुढच्या महिन्याच्या पोस्ट आधीच्या महिन्यात मंजूर व्हायला हव्यात. दिल्लीच्या क्लायंटला मी समजावलं की शिवजयंती १९ फेब्रुवारीलाही असते आणि तिथीनेही असते, आणि दोन्ही पाळणारी माणसं तुमची गिऱ्हाइकं आहेत. १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठेंची जयंती. कॅलेंडरवर फक्त पहिली होती. मी दुसरी घातली आणि का घातली ते शीटमध्ये लिहिलं. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये ती आपोआप आली होती. माझं नाव कुठे नव्हतं, पण मला फार बरं वाटलं.

छोटी एजन्सी, कोल्हापूर, २०१२

मुंबईचं मला काही माहीत नाही. आमच्याकडे वर्तमानपत्रांचं काम. जागा चौरस सेंटिमीटरवर, संध्याकाळच्या आत रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापायची लेखी ऑर्डर, पेपरला गेली पाहिजे. मान्यताप्राप्त एजन्सीला पेपरकडून १५ टक्के कमिशन, त्यावरच सगळा गाडा. दसरा-पाडव्याला साडीवाले, सराफ, बिल्डर यांची पानं, आणि वर्षभर श्रद्धांजली. मला वाटलं होतं मी कल्पक कामं करीन. अण्णांनी (मालकांना आम्ही अण्णाच म्हणायचो) पहिले तीन महिने मला श्रद्धांजलीवर बसवलं.

काम असं: फोटो साफ करायचा, नावं लावायची, आणि छापायला सोडण्याआधी घरी फोन करून प्रत्येक नाव मोठ्याने वाचून दाखवायचं. पाटील सगळे पाटीलच, पण संभाजी की शंभूराजे, ते विचारायचं. एकदा एक आजोबा आले. पत्नी गेलेली. 'शोकाकुल'खाली सगळ्यात आधी थोरल्या सुनेचं नाव घाला म्हणाले, मग मुलगे. मी म्हटलं, आजोबा, पद्धत अशी नसते. ते काही बोलले नाहीत, नुसते टेबलाकडे बघत राहिले. अण्णा आतून उठून आले आणि मला म्हणाले, "शेवटची दोन वर्षं कुणी केलं असंल त्यांचं? ते सांगत्यात तसं लाव." मी लावलं. आज मी पुण्यात ब्रँडिंगचं काम करतो, ब्रीफ घेताना, म्हणजे काम काय हवंय ते क्लायंटकडून समजून घेताना, समोरचा गप्प झाला की मीही गप्प बसतो आणि थांबतो. ती सवय त्या टेबलावरची.

कॉपी, पुणे, २०१८

मी राळेगावकडचा, यवतमाळ जिल्हा. २०१७ च्या हंगामात बोंडअळीनं आमच्याकडे कापसाचं फार नुकसान केलं होतं. पुढच्या वर्षी मी ज्या एजन्सीत लागलो, तिथे कामगंध सापळ्यांचा, म्हणजे वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यांचा, एक रेडिओ स्पॉट आला. हिंदी स्क्रिप्ट तयार, मला मराठी करायला दिली. त्यात 'गुलाबी सुंडी', 'फेरोमोन ट्रैप' आणि 'पौधा'. आधी कुणीतरी केलेल्या मराठी मसुद्यात सुंडी तशीच ठेवली होती.

रात्री बाबांना फोन लावला, वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सुंडी कोन म्हन्ते बाबू? बोंडअळी म्हन. आन् रोप नाई, पऱ्हाटी." आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. सापळ्यात किती पतंग आले की फवारणीचं बघायचं, हे बाबा रोज सकाळी वावरात जाऊन मोजत. मी स्पॉट तिथून सुरू केला: सकाळ, वावर, एक माणूस सापळ्यात बघून मोजतो आहे, एक, दोन, तीन. तीस सेकंदांत साठ-सत्तर शब्दांच्या वर काही मावत नाही. मोजण्यातच सहा सेकंद जातात म्हणून सर्व्हिसिंगवाल्यांनी, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्यांनी, हरकत घेतली. माझ्या सीनिअर ताईंनी कंपनीचं वर्णन कापलं, मोजणं ठेवलं. रेकॉर्डिंगला आवाज देणारे कलाकार पुण्याचे होते. त्यांनी 'पऱ्हाटी' तीनदा विचारून घेतलं, मी उच्चारून दाखवलं, चौथ्यांदा बरोबर आलं. स्टायपेंड आठ हजार, खोलीभाडं पाच. भागत नव्हतं, डबा मावशींच्या उधारीवर चालला. हेही लिहायला पाहिजे, कारण ज्याच्या घरून पैसे येत नाहीत तो या क्षेत्रात टिकतच नाही, आणि मग पऱ्हाटी माहीत असणारा माणूस त्या खोलीत उरत नाही.

कॉपी, घरून, २०२१

माझा अनुभव कडू आहे. लॉकडाऊनमध्ये लातूरहून, घरून काम. सहा महिने बिनपगारी, 'शिकायला मिळेल' या शब्दावर. पत्र नाही, ई-मेल नाही, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन पिचसाठी, म्हणजे क्लायंटचं काम मिळवायच्या सादरीकरणांसाठी, रात्री जागून ओळी लिहिल्या. नंतर त्यातली एक जाहिरातीच्या फिल्मच्या शेवटी ऐकली. घरात सगळ्यांसमोर टीव्हीवर लागली आणि मी आईला सांगू शकले नाही की ही माझी आहे, कारण दाखवायला हातात काही नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं की कल्पना टीमची असते. खरं आहे, असते. मग टीमच्या यादीत मी का नव्हते?

भाचीला सांगा: पहिल्या दिवसाआधी पत्र मागायचं, त्यात कालावधी, पैसे आणि पोर्टफोलिओत काम दाखवायची परवानगी लिहून घ्यायची. ओळी ई-मेलनेच पाठवायच्या. मागितल्यावर जे तोंड वाकडं करतात, तिथे जाऊ नको म्हणावं.

आर्ट, मुंबई, २०१६

थोडक्यात लिहिते. शूटवर एका वरिष्ठाचं वागणं चुकीचं होतं. मला वाटलं मी इंटर्न, माझी तक्रार कोण घेणार. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवारही येतात, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, हे मला अकाउंट्समधल्या एका बाईंनी सांगितलं. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. मी दिली. त्या बाई माझ्याबरोबर समितीच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या आणि माझं होईपर्यंत बाहेर बाकावर बसून होत्या. पहिल्याच आठवड्यात समितीवर कोण आहे ते विचारून ठेवा. मुलांनीही विचारावं.

तीन महिन्यांत सोडलं, बदलापूर

शेवटची लोकल रोज धावत पकडायची, सकाळी दहाला पुन्हा हजर. अंगात ताप मुरला, सोडलं. आता शाळेत चित्रकला शिकवतो, मुलांकडून पोस्टर करून घेताना सांगतो: सहा शब्द, लांबून वाचता आले पाहिजेत. पश्चात्ताप नाही. काम वाईट नव्हतं, वेळ माणसाची नव्हती.

धागा सुरू करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या ताई, तुमचं वाचून भाचीने आजच एजन्सीला पत्रासाठी ई-मेल पाठवला. मुंबईच्या ताईंचं तिच्या आईनेही वाचलं. फोटोशॉपमध्ये तिने लिहून पाहिलं, 'किनाऱ्यावर' नीट दिसतंय. फक्त एक गोष्ट तिला कळली नाही: ब्रोमाईड हाताला कसं लागतं. फोर्टच्या काका, तुमच्याकडे एखादा जुना तुकडा आहे का?

आर्ट, फोर्ट, १९८७

आहे. 'रंग'चाच आहे, दुसऱ्यांदा टिंब लावलेला. पिवळा पडलाय, पण टिंब अजून पक्कं आहे. रविवारी सकाळी दादरला असतो, पोरीला घेऊन या. भिंगही आणतो.