मदत हवी आहे: मांजर ट्रे सोडून आंब्याच्या अढीत शू करतंय (तातडीचं)

पडवीवाला
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. आमचं मांजर, बंड्या, गेले आठ दिवस लिटरचा (शू-शीसाठी माती घातलेला) ट्रे सोडून आंब्याच्या अढीत, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांत, शू करतंय. फिनेलने पुसून झालं, ओरडून झालं, केरसुणी दाखवून झाली. ट्रे रोज साफ करतो, तरी सूड उगवल्यासारखं तिथेच जातं. परवा सहा पेट्या मुंबईला जायच्या आहेत. लवकर सांगा. मांजर कुठेतरी सोडून या असं सांगू नका, आई मलाच सोडून येईल.

सुरंगीचा वळेसर
अहो, पण वय किती? बोका की भाटी? ऑपरेशन झालंय का? ट्रे कुठे असतो, लिटर कुठलं? काहीच लिहिलं नाहीत तुम्ही. आणि सगळ्यात आधी हे सांगा, शू नीट होतेय का? बोका असेल, पुन्हापुन्हा बसून कुंथत असेल आणि थेंबही उतरत नसेल, तर हा धागा वाचत बसू नका, दवाखाना गाठा. मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो. आमचा एक गेलाय तसा. आम्हाला वाटलं पोट साफ होत नाही.

पडवीवाला
कुंथत वगैरे काही नाही. चांगली भरपूर करतंय, खालचा पेंढा थबथबतो. वय तीन वर्षं. बाकी सगळं नेहमीचंच आहे.

टिवल्याबावल्या
नेहमीचंच म्हणजे काय ते सांगाल तर कळेल ना. असो. बंड्या म्हणजे बोका. बोका हद्द आखतोय. खच्ची करून घ्या, विषय संपला. आमच्या सोन्याला सात महिन्यांचा असताना केला, आता सोफ्याकडे ढुंकून बघत नाही.

माका काय करूचा
अरे कसलो ट्रे नि कसला काय. आमच्याकडे पाच माजरां आसत, एकाकय डबो म्हायत नाय. मांगराच्या मागे जातत, माती उकरतत, बुजवतत नि येतत. रात्री दार उघडा ठेव, बस झाला.

दाभोळखाडी
दार उघडं ठेवून आमची दोन मांजरं वाघाने नेली. (बिबट्या म्हणा हवं तर, आमच्याकडे वाघच म्हणतात.) कुत्रा नेला तो वेगळा. रात्री मांजर घरातच हवं.

माका काय करूचा
वाघ काय रोज येता?

दाभोळखाडी
एकदा आला की पुरतं.

निशाचर
थोडी माहिती. पूर्वी घरोघर मांजरासाठी राख नाहीतर वाळू असे. १९४७ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लोव नावाच्या माणसाकडे शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्याने तिला दाणेदार माती दिली, जातकुळी आपल्या मुलतानी मातीची. तिथून हा सगळा धंदा उभा राहिला. हल्ली गोळे होणारं जे लिटर मिळतं ते बेंटोनाइट, तीही मातीच. म्हणजे आपण पैसे देऊन माती आणतो आणि परसातली माती तशीच पडून.

पडवीवाला
माहितीबद्दल आभार, पण माझे आंबे?
आणि टिवल्याबावल्या, बंड्या भाटी आहे. पिल्लू असताना कळलं नव्हतं, नाव पडलं ते पडलं. ऑपरेशन मागच्या वर्षी झालं.

टिवल्याबावल्या
हे आधी सांगायला काय झालं होतं!!

सुरंगीचा वळेसर
माझा दुसरा प्रश्न तोच होता. असू दे. ती शू कशी करते? उभी राहून, शेपटी थरथरवत, भिंतीवर मागे फवारा मारते की पेंढ्यात बसून करते?

पडवीवाला
बसून. आधी पायाने पेंढा उकरते, मग बसते, मग वर पेंढा ओढते. एकदम व्यवस्थित. ते बघूनच जास्त राग येतो.

सुरंगीचा वळेसर
मग ही हद्द नाही. तिला अढी म्हणजे नवा, मोठा, मऊ ट्रे वाटतोय. आता प्रश्न हा की जुना ट्रे का नको झाला. ट्रे कुठे आहे? चौथ्यांदा विचारतेय असं वाटतंय.

पडवीवाला
न्हाणीघराच्या बाहेर, वॉशिंग मशीनच्या बाजूला. आधी माजघरात होता, पण अढी तिथेच घातली म्हणून हलवला. लिटरही बदललं, नेहमीचं संपलं होतं, लव्हेंडरच्या वासाचं आणलं. पण त्याचा काय संबंध?

गुरांचा डॉक्टर
नमस्कार. मी पशुवैद्य आहे. रोजचं काम गाई-म्हशींचं, पण मांजरंही बघतो. संबंध सगळा त्यातच आहे. तुम्ही तिची जागा बदलली, माती बदलली आणि शेजारी घडघडणारं यंत्र आणून ठेवलंत, तेही एकाच दिवशी. जुन्या जागी मात्र उकरायला ढीगभर पेंढा. ती सूड घेत नाहीये, जुन्याच खोलीत जातेय.

काय करायचं: बिनवासाचं लिटर आणा, दोन-तीन बोटं जाडीचा थर द्या. ट्रे परत माजघरात, अढीच्या शक्य तितका जवळ. वरून मूठभर कोरडा पेंढा पसरा, तिला आवडलाय तर तोच द्या. अढीवर रात्री जुनी मच्छरदाणी टाकून कडा दगडांनी दाबा, आंब्याला हवाही लागेल. पाच-सहा दिवस सुरळीत गेले की पेंढा कमी करत जा. मग ट्रे हलवायचाच असेल तर रोज वीतभर, एकदम नाही. एका मांजराला दोन ट्रे ठेवलेत तर उत्तम.

फिनेल बंद करा. त्यात फिनॉलच्या जातीचं असेल तर मांजराच्या यकृताला ते पचत नाही. पायाला लागतं, ती पाय चाटते, पोटात जातं. फरशी आधी साध्या पाण्याने, मग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने पुसा. ब्लीच नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. भिजलेला पेंढा धुऊन वापरायचा विचार असेल तर सोडा, वास राहिला की ती परत तिथेच जाणार.

एवढं करून चार दिवसांत फरक नाही पडला तर लघवी तपासून घ्या. भरपूर होतेय म्हणजे आजार नाहीच असं नसतं.

कोकणकन्येची सीट
डॉक्टर, विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझ्या सुनेला तिसरा महिना आहे, शेजारीण म्हणते मांजर हाकला. काय करू?

गुरांचा डॉक्टर
हाकलू नका. ट्रे सुनेने साफ करायचा नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचा, आणि रोज करायचा. भीती असते ती टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या एका परजीवीची. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडल्या पडल्या लागण करत नाहीत, त्यांना निदान एक दिवस लागतो. मांजराला कच्चं मांस घालू नका. सुनेनेही मांस नीट शिजलेलंच खावं, भाजी धुऊन घ्यावी, बागेतल्या मातीत हातमोजे घालावे. तिच्या डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

टिवल्याबावल्या
मुख्य प्रश्न राहिलाच. ज्या आंब्यांवर शू झाली ते धुऊन पेटीत भरणार का? मुंबईवाल्यांना काय कळतंय.

निशाचर
मी मुंबईवाला आहे. कळतं. शिवाय ते देवगडचे असतील तर पेटीवर रत्नागिरी छापून पाठवा, आमची नाचक्की तरी होणार नाही.

दाभोळखाडी
हे काय मध्येच? हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ ला मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांना. एकट्या देवगडचं नाही.

माका काय करूचा
मानांकन कागदार. चव देवगडाची.

पडवीवाला
बाबांनो, मांजराचा धागा आहे. आणि ते आंबे नाही भरले. दीड डझन गेले, आईने परसात खड्डा काढून पुरले. वर म्हणाली, बंड्याला उंदरांसाठी आणलं होतं, उंदरांनी एक खाल्ला असता, हिने अठरा घालवले.

(चार दिवसांनी)

पडवीवाला
ट्रे माजघरात आणला, पेट्यांची एक रांग ओटीवर काढली. बिनवासाचं लिटर इथे मिळालं नाही, कणकवलीहून एकाने एसटीने पाठवलं. पहिल्या रात्री बाईसाहेब मच्छरदाणीभोवती तीन फेऱ्या मारून ओरडल्या, मग ट्रेपाशी येऊन पेंढ्याचा वास घेतला. पुढचे दोन पाय आत, मागचे बाहेर, अशी बराच वेळ उभी. शेवटी केलं, ते अर्धं फरशीवर. दुसऱ्या रात्री पूर्ण आत. तिसऱ्या दिवशी आई पिकलेले काढायला गेली आणि मच्छरदाणी उघडीच राहिली, परत अढीत. तेव्हापासून दोन दिवस ठीक. ट्रे आता मोठा आणलाय, मासळीच्या खोक्याची एक बाजू कापून केला, ती त्यात ऐसपैस फिरते.

डॉक्टर, सुरंगीताई, मनापासून आभार. सहापैकी पाच पेट्या गेल्या, सहावी घरीच ठेवलीय.

सुरंगीचा वळेसर
छान झालं. पुढच्या वेळी ट्रेची जागा पहिल्या ओळीत लिहा.

माका काय करूचा
सव्वी पेटी माका ठेव रे. खालचो थर मात्र वास घेवन भर.