मदत हवी आहे : पायथनमध्ये ‘कऱ्हाड’ हे नाव यादीत दिसते, तरीही कीएरर येतो

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि सध्या पायथन शिकत आहे. नववीच्या प्रकल्पासाठी आम्ही जिल्ह्यातील अकराही तालुक्यांच्या पावसाच्या नोंदी एका सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, जमवल्या आहेत. तालुक्याचे नाव टाइप केले की त्या महिन्याची बेरीज दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला आहे. सातारा, वाई, फलटण, पाटण, महाबळेश्वर अशी बाकीची सगळी नावे व्यवस्थित चालतात. ‘कऱ्हाड’ टाइप केले की मात्र प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो.

प्रोग्रॅमची रचना साधी आहे. सीएसव्ही मॉड्यूलमधील डिक्टरीडरने फाइल वाचायची, प्रत्येक ओळीतील ‘तालुका’ या रकान्यातले नाव घ्यायचे आणि ‘बेरीज’ नावाच्या डिक्शनरीत (नाव आणि त्यापुढे आकडा अशा जोड्या ठेवणाऱ्या रचनेत) त्या नावापुढे पावसाचा आकडा मिळवत जायचा. शेवटी इनपुटने नाव विचारायचे आणि डिक्शनरीतून त्या नावाची बेरीज छापायची. संगणक विंडोजचा आहे, पायथन ३.१२ आहे आणि प्रोग्रॅम आयडलमध्ये चालवते. लाल अक्षरांतल्या संदेशाची शेवटची ओळ अशी आहे (कीएरर म्हणजे मागितलेले नाव डिक्शनरीत सापडले नाही) :

कीएरर: 'कऱ्हाड'

आतापर्यंत काय करून पाहिले, तेही सांगते. सुरुवातीला फाइल उघडतानाच यूनिकोडडीकोडएरर येत होता. ओपनमध्ये एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ दिल्यावर तो गेला. नावाच्या मागेपुढे एखादी रिकामी जागा असेल म्हणून दोन्हीकडे स्ट्रिप लावले, पण फरक पडला नाही. मग डिक्शनरीतील सगळी नावे एकेक करून प्रिंट केली, तेव्हा त्यात ‘कऱ्हाड’ स्वच्छ दिसले. फाइलमधले नाव आणि मी टाइप केलेले नाव यांची दोन बरोबर चिन्हांनी तुलना केली, तर उत्तर फॉल्स आले. नोंदी मुलांच्या पालकांनी आपापल्या फोनवरून भरलेल्या आहेत, याचा काही संबंध असल्यास कल्पना नाही.

डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन नावे पायथनला वेगळी का वाटावीत? प्रकल्प मुलांसमोर मांडायचा असल्यामुळे नुसता उपाय नको, कारणही समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण अडचण फार नीट मांडली आहे. संदेशाची शेवटची ओळ जशीच्या तशी दिलीत, हे विशेष उपयोगी आहे. मला पहिली शंका बॉमची येते. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकाराने फाइल जतन केली की फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारे चिन्ह बसते आणि ते पहिल्या रकान्याच्या मथळ्याला चिकटते. एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ ऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहून पाहावे.

धागाकर्ती

आभारी आहे. तसे करून पाहिले, पण संदेश तोच येतो. शिवाय ‘तालुका’ हाच पहिला रकाना आहे आणि तो मथळा आधीपासून बरोबर वाचला जात होता. बाकीच्या दहा तालुक्यांची बेरीजही बरोबर येते. अडते ते याच एका नावापाशी.

प्रतिसाद २

फक्त याच नावापाशी अडते, यातच उत्तराची दिशा आहे. आपल्या अकरा तालुक्यांपैकी आडवा अर्धा र असलेले नाव हे एकच आहे.

कृपया दोन गोष्टी करून पाहा. पहिली, नावे एकेक करून प्रिंट करू नका. सगळ्या नावांची लिस्ट करून ती लिस्ट प्रिंट करा. सुटे नाव प्रिंट केले की पायथन ते आहे तसे पडद्यावर पाठवतो आणि न दिसणारी चिन्हे न दिसताच निघून जातात. लिस्टमधले नाव मात्र तो अवतरणचिन्हांत, प्रोग्रॅममध्ये लिहावे तसे दाखवतो आणि त्यातले न दिसणारे चिन्ह बॅकस्लॅश व सांकेतांक (यूनिकोड या जागतिक अक्षरप्रणालीतला त्या चिन्हाचा क्रमांक) लिहून उघड करतो. दुसरी गोष्ट, फाइलमधल्या नावावर आणि स्वतः टाइप केलेल्या नावावर लेन (चिन्हे मोजणारे फंक्शन) चालवून दोन्ही लांबी इथे द्या.

धागाकर्ती

दोन्ही केले. टाइप केलेल्या नावाची लांबी ६ येते आणि फाइलमधल्या नावाची ७. लिस्टमध्ये बाकीची नावे नेहमीसारखीच दिसतात, पण या नावात ‘र्’ नंतर बॅकस्लॅश, यू आणि २००डी अशी अक्षरे आली आहेत आणि त्यापुढे ‘हाड’ आहे. हे सातवे चिन्ह कोणते आणि ते आले कुठून?

प्रतिसाद २

आता कारण हाती आले. २००डी हा ‘झिरो विड्थ जॉइनर’ या चिन्हाचा सांकेतांक आहे. या चिन्हाला स्वतःची रुंदी नसते. शेजारच्या अक्षरांचा आकार कसा जुळावा, एवढेच ते सांगते.

आपल्या भाषेतला हा आडवा अर्धा र यूनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो आणि दोन्ही रीती अधिकृत आहेत. पहिल्या रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे ०९३१, आणि त्यापुढे हलन्ताचे चिन्ह, म्हणजे ०९४डी. ही रीत इस्की या भारतीय संकेतप्रणालीला धरून आहे. दुसऱ्या रीतीत साधा र, म्हणजे ०९३०, मग हलन्त आणि मग हा अदृश्य जॉइनर. ती यूनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून टिकवली आहे. आपण टाइप केलेल्या नावात क, ऱ, हलन्त, ह, काना, ड अशी सहा चिन्हे आहेत. फाइलमधल्या नावात क, र, हलन्त, जॉइनर, ह, काना, ड अशी सात आहेत. फाँट दोन्हींचा आकार एकच काढतो, पण डिक्शनरी आकार पाहत नाही. ती सांकेतांकांचा क्रम जुळवते, आणि तो इथे तिसऱ्या चिन्हापासून नव्हे, दुसऱ्याच चिन्हापासून वेगळा आहे.

खाली दोन्ही रीती शेजारी शेजारी देतो. कॉपी करून त्यांची लांबी मोजून पाहा.

कऱ्हाड
कर्‍हाड

कोणते रूप उमटते, हे टाइप करण्याच्या साधनावर ठरते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून जे दाबले की ‘ऱ’ येतो, त्यामुळे तिथे सहसा पहिले रूप मिळते. उच्चारानुसार लिहिण्याच्या काही साधनांत दुसरे मिळते. नोंदी वेगवेगळ्या फोनवरून आल्या असतील, तर दोन्ही रूपे येणे अगदी स्वाभाविक आहे. स्ट्रिपचा उपयोग का झाला नाही, तेही यावरून कळेल : स्ट्रिप फक्त दोन टोकांच्या रिकाम्या जागा काढतो. इथले चिन्ह नावाच्या मध्ये आहे, आणि पायथनच्या हिशेबी ते रिकामी जागाही नाही.

प्रतिसाद ३

प्रतिसाद २ मधील निदान अचूक आहे. उपायाबाबत एक कळकळीची सूचना करतो, कारण याच ठिकाणी अनेक जण घाईने जॉइनर सरसकट पुसून टाकतात. तसे करू नये. जॉइनर काढला की उरलेला र आणि हलन्त यांचा रफार होतो आणि शब्दच बदलतो. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. भूगोलाच्या नोंदींत हे दोन्ही शब्द येऊ शकतात. म्हणून पुसण्याऐवजी बदल करावा : रिप्लेसने ०९३०, ०९४डी, २००डी हा तिघांचा क्रम शोधावा आणि त्या जागी ०९३१, ०९४डी हा दोघांचा क्रम घालावा. प्रोग्रॅममध्ये ही चिन्हे अक्षररूपाने न लिहिता बॅकस्लॅश-यू आणि सांकेतांक अशीच लिहावीत, नाहीतर संपादकात दोन्ही बाजू सारख्याच दिसतील आणि सहा महिन्यांनी ती ओळ निरर्थक समजून कोणीतरी काढून टाकेल.

तिसरेही एक रूप संभवते : साधा र, त्याखाली नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि मग हलन्त. त्याची लांबीही ७ भरते, म्हणून नुसत्या लांबीवर विसंबू नये. यूनिकोडडेटा मॉड्यूलमधील नॉर्मलाइझला ‘एनएफसी’ हा प्रकार दिला की र आणि नुक्ता मिळून ‘ऱ’ होतो. जॉइनर असलेल्या रूपाला मात्र नॉर्मलाइझ हात लावत नाही, त्यामुळे दोन्ही पायऱ्या लागतात. या दोन पायऱ्यांचे एक फंक्शन करावे आणि फाइलमधून आलेले प्रत्येक नाव व इनपुटमधून आलेले नाव, दोन्ही त्यातूनच पुढे न्यावे.

आणखी एक गोष्ट मला त्या कीएररपेक्षा गंभीर वाटते. आपल्या फाइलमध्ये फक्त जॉइनरचे रूप होते म्हणून प्रोग्रॅम थांबला आणि चूक दिसली. एखाद्या महिन्यात दोन्ही रूपे मिसळलेली असतील, तर डिक्शनरीत कऱ्हाडच्या दोन वेगळ्या नोंदी होतील, कोणताही संदेश येणार नाही आणि निम्म्याच नोंदींची बेरीज पूर्ण म्हणून छापली जाईल. आधीचे महिने कृपया पुन्हा तपासा. डिक्शनरीची लांबी ११ आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

धागाकर्ती

फंक्शन लिहिले आणि या महिन्याची फाइल आता विनातक्रार चालते. आधीचे महिने सूचनेप्रमाणे तपासले. जूनच्या फाइलमध्ये डिक्शनरीची लांबी १३ आली, म्हणजे ज्या महिन्यात प्रोग्रॅम कुठेही थांबला नव्हता, त्याच महिन्याची कऱ्हाडची बेरीज अपुरी होती. फंक्शन लावल्यावर १३ वरून १२ झाले. शिल्लक राहिलेले जादा नाव ‘कराड’ आहे. हेही याच पद्धतीने एक करता येईल का?

पावसाचे आकडे काही पालकांनी देवनागरी अंकांत लिहिले आहेत. ते बरोबर मिळवले जात आहेत ना, हेही विचारून घेते.

प्रतिसाद २

‘कराड’ आणि ‘कऱ्हाड’ ही एकाच गावाची दोन प्रचलित लेखने आहेत. हा फरक सांकेतांकांचा नसून लेखनाचा असल्यामुळे यूनिकोडचे कोणतेही फंक्शन तो मिटवू शकत नाही. त्यासाठी एक वेगळी छोटी डिक्शनरी करा, जिच्यात ‘कराड’ समोर ‘कऱ्हाड’ आणि ‘जावली’ समोर ‘जावळी’ असे प्रमाण रूप लिहिलेले असेल. नाव आधी आपल्या फंक्शनमधून जाऊ द्या आणि मग या डिक्शनरीत शोधा. क्रम उलटा ठेवल्यास जॉइनर असलेले रूप तिथेही सापडणार नाही. त्यानंतरही जे नाव अकरांत बसणार नाही, ते डिक्शनरीत मिळवू नका. फाइलमधल्या ओळीच्या क्रमांकासह वेगळे छापा, म्हणजे कोणती नोंद दुरुस्त करायची ते मुलांनाही शोधता येईल.

देवनागरी अंकांची काळजी नको. स्ट्रिंगमधले ‘६५’ किंवा ‘१२.५’ इंट आणि फ्लोट नीट वाचतात. प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिले, तर मात्र सिंटॅक्सएरर येईल. चलांची नावे देवनागरीत ठेवण्याची सोय पायथन ३ मध्ये आहे आणि आपण ‘बेरीज’ हे नाव ठेवलेच आहे. फक्त त्या नावात जॉइनरचा अर्धा र येऊ देऊ नका, कारण तिथे पायथन २००डी हे न छापता येणारे चिन्ह असल्याचे सांगून प्रोग्रॅम सुरूच करत नाही.