रत्नागिरीच्या हवेत सीटला काय घालावं: रेक्झिन, पीयू की कापड?

भाट्ये_नाका
हॅचबॅक, पाच सीट, गाडी पत्र्याच्या शेडखाली. मूळ कापडाला जून ते सप्टेंबर कुबट वास, कडेला पांढरी बुरशी. दुकानदार ‘नप्पा’ घ्या म्हणतोय. पुढच्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे. काय घालू?

टाका_दोरा
‘नप्पा’ म्हणजे खरं तर मऊ चामडं, पण त्या नावाने जे खपवतात ते बहुतेकदा पीव्हीसी (म्हणजे आपलं रेक्झिन) नाहीतर पीयू (पॉलियुरेथेन, तेही प्लास्टिकच). तुकडा मागून घ्या. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर वाईट असतो.

आपल्याकडे पीयू घेताना दहादा विचार करा. हाताला मऊ लागतं, पण स्वस्त पीयू बहुधा पॉलिएस्टर जातीचं असतं आणि दमट हवेत त्याच्या साखळ्या पाण्यानेच तुटतात. मग पोपडे सुटतात. त्यावर इलाज नाही. पीव्हीसीला दमटपणाचं काही नाही, त्याचा वैरी ऊन: मऊपणा देणारं द्रव्य निघून जातं आणि शिवणीजवळ चीर पडते. तुमची गाडी शेडखाली आहे, तेव्हा पीव्हीसी, 1 मिमीच्या आसपास जाड, पाठीला विणलेलं ताणणारं कापड असलेलं. पाठ ताणत नसेल तर गोलाईवर सुरकुत्या येणारच.

खारा_वारा
वरचं कातडं बदलून वास जाणार नाही, बुरशी फोमात बसलीय. जुनं कव्हर काढलं की फोम दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, म्हणजे हे काम एप्रिल-मेमध्येच. ओल्या फोमवर पीव्हीसी चढवलं तर ओल आतच कोंडते. पाणी शिरतं ते शिवणीतून: दोरा बॉन्डेड (पदर एकमेकांना चिकटवलेला) पॉलिएस्टर हवा, सुती अजिबात नको, तो कुजतो. टाका साधारण 4 मिमी. बारीक टाक्याने रेक्झिनला जाळी पडते आणि तिथेच फाटतं. कव्हर फोमला धरून ठेवणाऱ्या आतल्या तारेच्या कड्या गंजल्या असतील तर त्याही बदला, नाहीतर गंजाचे डाग वर येतात.

भाट्ये_नाका
मे महिन्यात पीव्हीसीवर पाठ भिजते ना?

टाका_दोरा
भिजते. म्हणून बसायचा आणि पाठीचा मधला पट्टा जाळीदार पॉलिएस्टर कापडाचा, कडा पीव्हीसीच्या. मात्र डिकीतून मासळीचं पाणी गळत असेल तर मागची सीट अख्खी पीव्हीसी करा, तो वास कापडातून निघत नाही. माल 54 इंच पन्ह्याचा, पीव्हीसी आणि कापड मिळून साधारण 8 मीटर धरा. डिझाइन जुळवायचं असेल तर जास्त.

पिवळा_कनेक्टर
एअरबॅगचं कोणी बोललं नाही! ती सीटच्या बाहेरच्या कडेची शिवण फाडून बाहेर येते. तिथे जाड दोऱ्याने दुहेरी शिवण मारली किंवा वरून साधं कव्हर ओढलं तर ती अडते. त्या कडेचं मूळ कव्हर तसंच ठेवायला सांगा. सीट काढायची झाली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलाय तेवढा वेळ थांबा, मगच सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा. कुशनवाल्याला यातलं माहीत नसेल तर पुढच्या सीट त्याच्याकडे देऊच नका.